संसार दोघांचा, कागद एकाचा

दिवाळीच्या आधी कौटुंबिक न्यायालयात एका अर्जाचा हंगाम येतो. मुलांच्या सुट्टीतले किती दिवस कुणाकडे, याचा अर्ज. सहामाही परीक्षेचं वेळापत्रक लागलं की हे अर्ज पडायला लागतात आणि सगळ्यांनाच घाई असते, कारण दिवाळीत न्यायालयही बंद असतं. पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात बाकावर बसल्या बसल्या ऐकलेलं हे बोलणं: "लक्ष्मीपूजन तुम्ही ठेवा, भाऊबीज आम्हाला द्या." बोलत होते दोन वकील. एका घरी मुलाची चुलतबहीण ओवाळायला थांबली होती, दुसऱ्या घरी मामेबहीण. मुलगा स्वतः त्या वेळी शाळेत पेपर लिहीत होता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'वाटणी' हा विषय दिला, तेव्हा बांध, भाऊबंदकी आणि मोजणीवाला हे सगळं डोळ्यांपुढे आलं. पण भावाभावांच्या वाटणीला आपल्याकडे कायदा आहे, सातबारा आहे, तलाठी आहे. नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा वाटणी कशी होते, हे मात्र चांगल्या शिकलेल्या माणसालाही धड सांगता येत नाही. 'अर्धं तिला मिळतं ना?' असं मला कितीतरी जणांनी विचारलं. मिळत नाही. निदान महाराष्ट्रात तरी नाही.

बाहेरचे बाक

पक्षकारांपैकी एकाने जरी मागितलं तरी इथलं कामकाज बंद दाराआड घ्यावं लागतं. म्हणून मी आत जायचा हट्ट धरला नाही. तसंही बाहेरच जास्त कळतं. सकाळी अकराच्या सुमारास माणसं येतात ती आपापल्या बाजूचे बाक धरून बसतात. मुलीबरोबर आई आणि एखादा मामा, मुलाबरोबर वडील आणि मित्र. पुकारा झाला की दोन्हीकडची माणसं एकदम उठतात आणि दाराशी एकमेकांना वाट देताना अवघडतात. कालपरवापर्यंत एका ताटात जेवलेल्या माणसांना 'आधी तुम्ही' म्हणायची वेळ येते.

इथली भाषा निराळी आहे. 'म्युच्युअल आहे की कंटेस्टेड?' ही पहिली विचारपूस. 'काउन्सेलिंगला लागलंय' म्हणजे प्रकरण अजून समुपदेशकांकडे आहे. 'तारीख पडली' म्हणजे आजचा दिवस गेला आणि कापलेली रजाही गेली. पोटगीला जुनी माणसं अजून 'खावटी' म्हणतात आणि नांदायला बोलावण्याच्या दाव्याला नुसतं 'नांदायची केस'.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. राज्यात पुणे आणि मुंबई इथे अशी न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली. कल्पना अशी होती की घरातलं भांडण दिवाणी कोर्टाच्या चक्कीत जाऊ नये. म्हणून समुपदेशक ठेवले, पुराव्याचे नियम सैल केले आणि वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क राहणार नाही, असं कलम १३ मध्ये लिहून ठेवलं. प्रत्यक्षात न्यायालयाच्या परवानगीने वकील लागतातच आणि परवानगी सहसा मिळते. समुपदेशकांची खोली मात्र खरोखर वेगळी आहे. तिथे टेबलाच्या एकाच बाजूला दोघांना बसवतात. आत गेलेली जोडपी समेट करून क्वचितच बाहेर येतात, पण एक होतं: भांडण नेमकं कशाचं आहे ते ठरतं. बहुतेक वेळा ते तीन गोष्टींवर येऊन थांबतं. घर, महिन्याचा आकडा आणि मूल.

हप्ता आणि भाजी

एक ज्येष्ठ वकीलबाई नव्या अशिलाला पहिला प्रश्न विचारतात तो मारहाणीचा नसतो, संशयाचाही नसतो. त्या विचारतात, "ताई, घराचा इंडेक्स टू कुणाच्या नावाचा आहे?"

त्यांच्याकडे बसले असताना चिंचवडहून आलेल्या एका बाईंचं प्रकरण ऐकलं. लग्नाला सतरा वर्षं झालेली, दोन मुलं, दोघंही नोकरीत. घरात पहिल्यापासून एक व्यवस्था होती: त्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता, हिच्या पगारातून किराणा, भाजी, शाळेची फी, बाईचा पगार, सासूबाईंची औषधं. दोघांनाही ती सोयीची वाटली, कारण हप्ता त्याच्या सॅलरी अकाउंटमधून आपोआप जायचा. आता घटस्फोटाच्या वेळी त्याच्याकडे सतरा वर्षांची बँकेची पानं आहेत आणि हिच्याकडे काही नाही. फ्लॅटचा एक एक हप्ता कागदावर आहे, मेथीची एकही जुडी नाही.

असं घर मराठी मध्यमवर्गात जागोजागी सापडेल. 'घर नवरा करतो, संसार बायको चालवते' असं आपण अभिमानाने सांगतो, आणि न्यायालयात घर मोजलं जातं, संसार मोजला जात नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेची वाटणी करणारं कलमच नाही. आहे ते कलम २७, आणि ते लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून दिलेल्या भेटवस्तूंपुरतं आहे. म्हणजे चांदीचं ताट, फ्रीज, पलंग. फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी, शेअर, गावची जमीन, हे सगळं ज्याच्या नावावर त्याचं. दोघांच्या नावावर असेल तर दोघांचं, पण तेव्हाही कुणी किती पैसे घातले याचा वाद उकरून काढता येतो.

यातली गंमत, गंमत म्हणायची तर, अशी: नवरा वारला तर बायको पहिल्या वर्गाची वारस असते आणि मृत्युपत्र नसेल तर मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने वाटा घेते. तोच नवरा जिवंत असताना वेगळा झाला तर त्याच घरावर तिचा मालकीचा काडीचाही हक्क उरत नाही. विधवेला कायद्याने जे दिलं ते घटस्फोटितेला दिलेलं नाही.

मग तिला मिळतं काय? पोटगी मिळते. आणि घटस्फोट होईपर्यंत राहण्याचा हक्क मिळतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली ज्या घरात ती नांदली तिथून तिला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढता येत नाही, आणि ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण हे राहणं झालं, मालकी नव्हे. आणि मधल्या खोलीत आपण आणि बाहेर सासू-सासरे, अशा घरात त्या हक्काने राहणं किती जणींना झेपतं, हे वेगळं सांगायला नको.

संसदेने हे बदलायचा प्रयत्न केला होता. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देणारं दुरुस्ती विधेयक राज्यसभेत ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर झालं. लोकसभेत ते आलंच नाही आणि पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बायकोच्या श्रमांमुळेच नवऱ्याला कमावता आलं, म्हणून त्या मिळकतीत तिचा निम्मा वाटा आहे, असा निकाल दिला. आपल्याकडचे वकील तो निकाल युक्तिवादात जोडतात. इथल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही.

उलट बाजूही बाकावरच भेटली. एक गृहस्थ, पन्नाशीचे, शांत. २०२१ पासून राज्यात बाईच्या एकटीच्या नावाने निवासी घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. यांनी ती घेतली. पैसे सगळे यांचे, हप्तेही यांचेच, नाव बायकोचं. आता त्या घरातून हेच बाहेर पडले आहेत. "एक टक्का वाचवला हो," एवढंच म्हणाले. बायकोच्या नावाने उजळ उत्पन्नातून घेतलेली मिळकत बेनामी ठरत नाही, तेव्हा 'घर खरं तर माझंच' असं सिद्ध करायला त्यांना पुराव्याचा डोंगर रचावा लागणार. तेव्हा मुद्दा निव्वळ बायकांवरच्या अन्यायाचा नाही. कायदा कष्ट बघत नाही, नाव बघतो, आणि बहुतेक घरांत ते नाव पुरुषाचं असतं.

बँकेला तर यातल्या कशाशीच देणंघेणं नाही. दोघांनी मिळून कर्ज काढलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम दाखवून सहकर्जदाराचं नाव निघत नाही. घर सोडून गेलेल्या बाईला तीन वर्षांनी थकलेल्या हप्त्यांची नोटीस येते आणि तिचा सिबिल स्कोअर तिने न राहिलेल्या घरापायी घसरतो.

पाटल्या, तोडे आणि रुखवत

एका गोष्टीत कायदा स्पष्टपणे बाईच्या बाजूने आहे. स्त्रीधन. माहेरून, सासरकडून, पाहुण्यांकडून तिला म्हणून जे मिळालं ते तिचं, पूर्णपणे तिचं. नवऱ्याने अडचणीत वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याची. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हे सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा बजावलं.

अडचण येते ती सिद्ध करण्यात. वकीलबाईंच्या टेबलावर लग्नाचा अल्बम उघडा होता आणि त्यांची ज्युनिअर मोबाइलवर फोटो मोठे करून करून बघत होती. गळ्यात ठुशी, कोल्हापुरी साज आणि मोहनमाळ. हातात पाटल्या दिसतात, तोडे हिरव्या चुड्यात झाकलेले. "सप्तपदीच्या फोटोत बघ, तिथे हात वर आहे." सोनाराच्या पावत्या बहुधा वडिलांच्या नावाच्या असतात आणि कित्येकदा त्याही नसतात, कारण जुनं मोडून नवं केलेलं असतं. दागिने सासूच्या लॉकरमध्ये. लॉकर किती वेळा उघडलं याची नोंद बँकेकडे असते, आत काय होतं याची नसते.

यादीत रुखवतही असतं. लोकरीचं तोरण, साखरेची खेळणी, मण्यांचं मखर हे कुणी मागत नाही, पण त्याच्याबरोबर मांडलेली स्टीलची पिंपं, समई, कुकर हे अर्जाच्या परिशिष्टात नीट अनुक्रमांक घालून येतं. समोरचे वकील हसतात. मला हसू आलं नाही. लग्नात मुलीकडून जे गेलं त्याचा एवढा एकच लेखी हिशेब तिच्या बापाकडे होता.

'म्युच्युअल'च्या अटी

न्यायालयाच्या आवारात खरी वाटणी होते ती झाडाखाली आणि चहाच्या टपरीशी. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम, १३ब, १९७६ मध्ये कायद्यात आलं. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं. ही थांबण्याची मुदत माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटल्यापासून, दोघं आधीच दीड वर्ष वेगळे असतील आणि अटी ठरलेल्या असतील, तर काम लवकर उरकतं. उलट प्रकरण लढवायचं तर वर्षं जातात. म्हणून बहुतेक जण शेवटी 'कन्सेन्ट टर्म्स'वर येतात. आणि कायद्यात मालमत्तेची वाटणी नसल्यामुळे, ती या अटींमध्येच घासाघीस करून करावी लागते.

या घासाघिशीत दोन्ही बाजूंच्या हातात काय असतं? तिच्याकडे हिंसाचाराची तक्रार, पोटगीचा अर्ज आणि बहुतेकदा मूल. त्याच्याकडे घर, पैसा आणि वेळ. यातलं सगळ्यात जड हत्यार वेळ आहे, हे मला तिथे बसून कळलं. ज्याला दुसरं लग्न करायची घाई तो जास्त सोडतो. जिच्या माहेरी भाऊ-वहिनी कुरकुर करू लागलेत ती कमी आकड्यावर सही करते.

पोटगीचा आकडा ठरवताना दोघांनीही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचं, हे २०२० पासून सक्तीचं आहे. नागपूरच्या एका जोडप्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं त्यातून तो नमुना आला. पगार, कर्ज, विमा, गाडी, सोनं, सगळ्याचे रकाने. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्याच निकालात ठरलं. नोकरदाराचा रकाना खोटा भरता येत नाही. फॉर्म सोळा बोलतो. त्याच्या हातात येणाऱ्या पगाराचा चौथा हिस्सा, हा अंदाज २०१७ च्या एका निकालानंतर वकिलांच्या तोंडी बसला आहे. पण दुकानदार, बिल्डर, द्राक्षबागायतदार यांचं उत्पन्न घटस्फोटाच्या अर्जानंतर आश्चर्यकारक वेगाने घटतं. इन्स्टाग्रामवरचे मालदीवचे फोटो मग दुसऱ्या बाजूचे वकील प्रिंट काढून जोडतात.

एक बारकावा मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावा. घर एकमेकांच्या नावे करायचं ठरलं असेल तर ते नवरा-बायको असेपर्यंत करावं. निवासी घराचं बक्षीसपत्र नवऱ्याने बायकोला करून दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. घटस्फोटाचा हुकूम झाला की ते नातं संपतं आणि त्याबरोबर ही सवलतही. 'आधी डिक्री घेऊ, कागद मग करू' म्हणणाऱ्यांना ही घाई लाखांत पडू शकते. शिवाय मग समोरचा सहीला येईल याची हमी काय?

पैसे देऊन सुटका करून घेणं हे काही आजचं नाही. रखमाबाईंना नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये सांगितलं होतं. रखमाबाई गेल्या नाहीत. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. त्यांच्या वेळचा तो नांदायचा दावा अजून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये जिवंत आहे आणि रोज दाखल होतो. आज त्याने कुणी तुरुंगात जात नाही. पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून तो टाकायची पद्धत आहे.

मूल कुणाकडे

घर आणि पैसा यांच्या मध्ये मूल सापडतं. 'मुलाचा ताबा सोड, मी फ्लॅट देतो' हे वाक्य असंच्या असं कुणी अर्जात लिहीत नाही. टपरीवर बोलतात.

कायदा म्हणतो की मुलाचं हित सर्वांत वर. पाच वर्षांच्या आतलं मूल सामान्यतः आईकडे. त्यानंतर न्यायाधीश बघतात: शाळा कुठली, घरात बघायला कोण, मूल आत्ता कुठे रुळलंय. आईचा पगार कमी हे ताबा नाकारायचं कारण होत नाही, त्यासाठी बापाने पोटगी द्यायची. थोडं मोठं मूल असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या कक्षात एकट्याला बोलावून विचारतात. इथे पढवून आणलेली मुलं ओळखू येतात, असं एका निवृत्त समुपदेशक बाईंनी मला सांगितलं: "सात वर्षांचं पोर 'मानसिक छळ' हा शब्द वापरायला लागलं की समजायचं."

ताबा न मिळालेल्याला 'ॲक्सेस'. सुरुवातीला बहुधा न्यायालयाच्याच मुलांच्या खोलीत, शनिवारी तासा-दोन तासांसाठी. तिथे खेळणी असतात, भिंतीवर चित्रं असतात. मी दारातून पाहिलं तेव्हा एक बाप चार वर्षांच्या मुलीसमोर खाली बसून ठोकळे रचत होता आणि ती ते पाडत होती. तो पुन्हा रचायचा. बाहेर आई घड्याळ बघत उभी. वेळ संपली तेव्हा मुलीने बापाच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि परत द्यायला नकार दिला. "राहू दे," तो म्हणाला. आईने ते पेन पर्समध्ये टाकलं, आणि आता यावरूनही पुढच्या तारखेला काहीतरी निघेल, असं तिच्या भावाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मुलाला घेऊन न येणं ही या विषयातली सगळ्यात मोठी तक्रार आहे. ताप आलाय, परीक्षा आहे, पाऊस आहे. हुकूम मोडला म्हणून अवमानाचा अर्ज करता येतो, पण मुलाच्या आईला किंवा बापाला शिक्षा करायला कुठलाही न्यायाधीश नाखूश असतो, आणि न आणणाऱ्याला ते ठाऊक असतं. सहपालकत्वाची, म्हणजे दोघांकडे ताबा राहण्याची, शिफारस विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात केली. कायदा अजून तसा बदललेला नाही, पण अटींच्या मसुद्यात 'पालकत्व आराखडा' हा शब्द दिसू लागलाय. त्यात कुणाचा वाढदिवस, कुणाची गणपतीची सुट्टी, आजारपणात निर्णय कुणाचा, हे सगळं लिहिलेलं असतं. मला तरी हा आराखडा कुठल्याही निकालापेक्षा शहाणा वाटला.

दोन गोष्टी पालकांना हटकून माहीत नसतात. मुलाची पोटगी आई आपल्या सहीने सोडून देऊ शकत नाही. तो हक्क मुलाचा आहे. आणि आईबापांचा घटस्फोट झाला म्हणून मुलाचा वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा जात नाही. सून गेली तरी नातू सहहिस्सेदार राहतो. हे सासऱ्यांना उशिरा समजतं.

परदेशातली प्रकरणं आणखी गुंतलेली. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची समसमान धरतात. तिथे राहणाऱ्या पुण्याच्या जोडप्यात म्हणूनच धावाधाव होते की अर्ज आधी कुठे टाकायचा, तिथे की इथे. आणि एकाने मुलाला घेऊन मायदेश गाठला तर मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही. मग उच्च न्यायालयात मुलाला हजर करण्याची याचिका करायची आणि पुन्हा त्याच्या हिताचा प्रश्न पहिल्यापासून.

पाचशेच्या बाँडवर

हे झालं शहराचं. तालुक्याच्या गावी तहसील कचेरीबाहेर नोटरीच्या छत्रीखाली अजून सोडचिठ्ठ्या होतात. पाचशेच्या बाँडवर पंचांच्या सह्या, 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही', रोख रक्कम आणि भांडी परत. हिंदू विवाह कायदा रूढीने चालत आलेला काडीमोड मान्य करतो, पण ती रूढी त्या समाजात खरोखर आहे हे सिद्ध करावं लागतं. ज्यांच्यात तशी रूढी नाही तेही बाँड करतात. कायद्याने लग्न तसंच राहतं. पुढे नवरा दुसरं करतो, दुसरीला मुलं होतात, आणि तो वारला की तलाठ्याकडे वारसनोंदीला दोन बायका उभ्या राहतात. तेव्हा कळतं की त्या पाचशेच्या कागदाने कुणालाच सोडवलं नव्हतं.

गावात जमिनीचा प्रश्न एकाच माणसाने थेट हाताळला होता, आणि तो वकील नव्हता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती' काढली: शेतकऱ्याने आपल्या हयातीत, राजीखुशीने जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करायचा. कित्येक गावांनी केला. सरकारनेही पुढे पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची योजना आणली. आजही अर्ज केला तर नाव लागतं. अर्ज नवऱ्याने करायचा असतो, तिथेच घोडं अडतं.

पत्रादेवीच्या पलीकडे

सावंतवाडीहून बांदा ओलांडून पत्रादेवीचा नाका पार केला की हा सगळा कायदा बदलतो. गोव्यात पोर्तुगिजांची १८६७ ची नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत अजून चालते, कुठल्याही धर्माच्या गोवेकराला. तिच्याप्रमाणे वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते: आधीची, नंतरची, वारशाने आलेली, सगळी. प्रत्येकाचा अर्धा. अपवाद आहेत, उदाहरणार्थ देणाऱ्याने जोडीदाराला वाटा नाही अशी अट घालून दिलेली मालमत्ता. दुसरी पद्धत हवी असेल तर करार लग्नाआधीच नोंदवायचा, लग्नानंतर तो बदलता येत नाही.

हे तिथे रोजच्या जगण्यात मुरलेलं आहे. घर विकायचं तर खरेदीखतावर बायकोची सही लागतेच. आयकर भरताना पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं दाखवायचं, त्यासाठी विवरणपत्रात वेगळा तक्ता आहे, कलम ५अ चा. म्हापशातले एक वकील म्हणाले, "तुमच्याकडे बायको विचारते, मला काय मिळेल? आमच्याकडे विचारते, माझं कधी मिळेल?"

त्या 'कधी'मध्येच सगळं आहे. घटस्फोट झाला तरी वाटणीसाठी वेगळी 'इन्व्हेंटरी' चालवावी लागते. मालमत्तेची यादी, हरकती, मूल्यांकन. मग एखादं घर तोडून वाटता येण्यासारखं नसेल तर फक्त हिस्सेदारांमध्ये बोली लागते. जो जास्त बोलेल त्याने घर ठेवायचं आणि दुसऱ्याला त्याचे पैसे द्यायचे. बोली लावायला पैसा लागतो, आणि घरी बसलेल्या बाईकडे तो नसतो. हक्क अर्धा असूनही घर बहुधा नवऱ्याकडेच राहतं. फरक एवढा की तिला रोख रक्कम मिळते, आणि ती मेहेरबानी म्हणून नाही. मूळ संहितेत मालमत्तेचा कारभारही नवऱ्याकडेच दिलेला आहे. तेव्हा गोव्याला स्वर्ग म्हणायचं कारण नाही.

आणखी एक फसगत तिथली खास. सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते, 'फर्स्ट साइन' आणि 'सेकंड साइन'. पहिल्या सहीनंतर हॉल घेऊन लग्न लागतं, दुसरी सही राहून जाते आणि वर्षांनी कळतं की कायद्याने लग्नच पुरं झालेलं नाही.

सीमेवरच्या सोयरिकींचं तर विचारायलाच नको. सावंतवाडीची मुलगी पेडण्यात दिली, लग्न मुलीकडे लागलं, नोंद इकडच्या नगरपालिकेत. मग संहिता लागू होते की हिंदू विवाह कायदा, यावर वकिलांच्या दोन पिढ्या पोसल्या आहेत. तिथल्या एका बाईंना मी अर्ध्या वाट्याबद्दल विचारलं. बारा वर्षं पेडण्याला नांदून त्या माहेरी परतल्या होत्या. "माका कोणी सांगल्यानच नाय, अर्धा माजा आसा म्हणान," त्या म्हणाल्या.

आपल्यापुरतं

महाराष्ट्राने गोव्याची संहिता जशीच्या तशी उचलावी, असं मी म्हणणार नाही. वारशाने आलेली मिळकतही एक करून टाकणं आपल्याला झेपणारं नाही, आणि एकत्र कुटुंबाच्या जमिनीत तर नाहीच. पण लग्न झाल्यापासून वेगळे होईपर्यंत जे कमावलं, ते कुणाच्याही नावावर असो, दोघांचं धरावं आणि बायकोचा घरखर्च हा हप्त्याच्या बरोबरीचा मानावा, एवढा कायदा व्हायला हवा. २०१३ च्या विधेयकाला विरोध झाला तो 'पुरुषांना लुटणारं' म्हणून. बायकोच्या नावच्या घरातून बाहेर पडलेल्या त्या गृहस्थांना विचारा, असा कायदा त्यांनाही हवा आहे.

तो होईपर्यंत एक काम घरच्या घरी करता येईल. या सुट्टीत फराळाचे डबे आवरून झाले की आपल्या घराचा इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि गावचा सातबारा काढून त्यावर कुणाची नावं आहेत ते दोघांनी मिळून वाचा. संसार सुखाचा असेल तर हे आत्ताच करणं सोपं आहे. भाजीचे पैसे ज्या खात्यातून जातात त्याचं विवरण जपून ठेवा, दागिन्यांचे फोटो आणि पावत्या एका ठिकाणी ठेवा. आणि कुणा मैत्रिणीवर, बहिणीवर वेळ आलीच तर तिला हे जरूर सांगा: वैवाहिक वादात बाईला महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, ती १९९४ पासून. उत्पन्न कितीही असलं तरी तिला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि फोन करायचा तर नंबर १५१०० आहे.